तीन पुरवण्या

रुबिना परकार बाईंच्या वर्गात निबंध आधी मोजला जायचा, आणि मग जमलं तर वाचला जायचा. मोजायला त्यांना पट्टी लागत नसे. वहीच्या पानावर डावा हात पालथा टाकायच्या, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत ताणायच्या, आणि मजकूर वितीच्या आत संपला की कपाळाला आठ्या. दोन विती म्हणजे बरा. तीन म्हणजे शाब्बास. दहावीच्या पोरांना हे इतकं अंगवळणी पडलं होतं की मधल्या सुट्टीत ती आपसातच विती टाकत बसत, आणि ज्याचा हात मोठा त्याच्याकडून कोणी आपली वही मोजून घेत नसे.

प्रश्नपत्रिकेत निबंधाला शब्दमर्यादा छापलेली असते, हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. दर वर्षी त्या स्वतः दहावीचे पेपर तपासायच्या. पण शब्दमर्यादेचं लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखं असतं; छापलेली असते म्हणून कोणी पाळत नाही. समोर गठ्ठा घेऊन बसलेला परीक्षक शब्द मोजत नाही. तो पान उलटतो, आणि उलटल्यावरही निबंध चालूच दिसला की त्याचं मन भरतं. मुलानं मेहनत घेतलीय म्हणायचं आणि गुण टाकायचे.

हे शहाणपण बाईंना फुकट मिळालं नव्हतं. नव्याने परीक्षक झाल्या तेव्हा कुणा मुलाचा अर्ध्या पानाचा निबंध त्यांना इतका आवडला की त्यांनी आठातले सात दिले. त्यांनी तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या नियामकांनी ते पान सगळ्यांदेखत वर धरलं. "मॅडम, एवढ्याशा तुकड्याला सात? भाषेचा पेपर आहे, जरा सांभाळून." आणि सातावर काट मारून चार केले. बाकीचे परीक्षक हसले. केळशीच्या खलाशाची मुलगी, मराठीत एम.ए. झालेली, त्या हसण्यात स्वतःचं आडनाव ऐकू आलं तिला. कोणी ते उच्चारलं नव्हतं, पण ऐकू आलं खरं. त्या दिवसापासून बाईंनी कानाला खडा लावला. आपल्या पोरांचा निबंध कोणाला वर धरून दाखवता येईल इतका लहान असता कामा नये.

आणि बाईंचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं आहे. त्यांच्या पोरांना गुण पडायचे. हातखंब्याच्या पलीकडची ती लहानशी शाळा, पण मराठीचा निकाल तालुक्यात नाव घेण्यासारखा. मग कोण कशाला विचारतंय!

राही रामाणे त्या वर्गात आली आणि वितीचा हिशेब बिघडला. राही काशीरामची धाकटी. काशीरामची महामार्गाला कोकम सरबताची टपरी होती. रस्ता रुंद झाला तेव्हा टपरी उचलून मागे ठेवावी लागली, ती अशा जागी की गाडीवाल्याला दिसेपर्यंत गाडी पुढे गेलेली असायची. सहामाही परीक्षेत 'मी महामार्ग बोलतोय' असा निबंध आला. बाकी पोरांनी लिहिलं की मी देशाची रक्तवाहिनी आहे, माझ्यावरून विकास धावतो, आणि शेवटी वाहतुकीचे नियम पाळा. राहीनं लिहिलं होतं:

"मी रुंद झालो असं सगळे म्हणतात. माझ्या कडेला एक माणूस सरबत विकायचा. तो उभा राहायचा तिथे आता माझी पांढरी रेघ आहे. तो रोज येऊन तिच्याकडे बघतो. मी रेघेला म्हणतो, जरा सरक. ती सरकत नाही."

अजून चार-सहा ओळी आणि संपलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी ते परत वाचलं. मग नियामकांनी वर धरलेलं ते जुनं पान डोळ्यांसमोर आलं, ते हसणं ऐकू आलं, आणि हात आपोआप पालथा पडला. एक वीत सुद्धा भरली नाही. बाईंनी तीन गुण दिले आणि लाल शाईनं लिहिलं, 'फार त्रोटक. विस्तार करा.'

"राही, इतकं कमी का लिहिलंस?" त्यांनी वर्गात विचारलं.

"सांगून झालं, बाई."

वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. "अगो, अचानक पाहुणे आले तर आई काय करते?"

"कालवणात पाणी वाढवते."

"मग तसंच. दोन म्हणी घाल, एक सुविचार घाल, प्राचीन काळी काय होतं ते सांग, भविष्यात काय होईल ते सांग."

राहीनं जरा विचार केला. पोरगी उर्मट नव्हती. खरंच शंका होती तिला. "पण बाई, पाणी वाढवलं की चव जाते."

"तपासणारा चव घेत नाही गो. वाटी भरली का तेवढं बघतो."

हे वाक्य बाईंना त्या दिवशी फार आवडलं होतं. शिक्षकखोलीत जाऊन त्यांनी ते पुन्हा सांगितलं होतं.

मग डिसेंबरपासून त्यांनी राहीला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. बाकी विषयांत पोरगी ऐंशीच्या पुढे, व्याकरणात तर तिची चूक शोधून सापडायची नाही. निबंधाचं तेवढं जमलं की झालं. रत्नागिरीच्या ज्युनियर कॉलेजला प्रवेश मिळेल, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळेल. वसतिगृहाशिवाय गत्यंतर नव्हतं. राहीच्या वाडीतून सकाळच्या कॉलेजला वेळेवर पोहोचवेल अशी एसटीच नाही. आणि वसतिगृहाची यादी लागते ती दहावीच्या टक्क्यांवर. हे काशीरामला माहीत होतं, राहीला माहीत होतं, आणि बाईंना सगळ्यात जास्त माहीत होतं. म्हणून तर त्यांनी जीव तोडून शिकवलं. राहीच्या एका ओळीच्या तीन ओळी कशा करायच्या ते दाखवलं. आणि वर आणखी एक मंत्र दिला: "निबंध शेवटी असतो, पण तू आधी सोडव. हात ताजा असताना. पुरवणी घ्यायला लाजायचं नाही."

राही आज्ञाधारक होती. असली मुलं शिक्षकाला फार प्रिय असतात आणि त्यांचंच शिक्षक सर्वात जास्त नुकसान करू शकतो.

मार्चमध्ये मराठीचा पेपर झाला. बाई परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उन्हात उभ्या होत्या. पोरं बाहेर पडली आणि नेहमीप्रमाणे एकमेकांना विचारू लागली, किती पुरवण्या घेतल्यास. राही पदराला बिलगायला धावावी तशी बाईंकडे आली. बोटांना शाई, चेहरा लाल.

"बाई, तीन पुरवण्या! नुसत्या निबंधाला!"

"शाब्बास गो माझी बाय!" बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "आणि बाकीचा पेपर?"

"गद्य झालं. कवितेचं थोडं झालं." तिनं शाईची बोटं रुमालाला पुसली. "व्याकरण राहिलं."

"किती?"

"सगळंच, बाई. घंटा झाली."

राहीनं डोळे मिटून सोडवलं तरी पैकीच्या पैकी मिळाले असते असे ते गुण. आणि निबंध सोन्याच्या अक्षरात लिहिला असता तरी त्याला आठाच्या वर कोण देणार होतं? हा हिशेब पहिलीतल्या पोराला जमेल. बाईंनी तो चार महिने केला नव्हता.

"असू दे," त्या म्हणाल्या. "निबंधात भरून निघेल."

निघणार नाही हे त्यांना बोलतानाच माहीत होतं. पुढचा पेपर बिघडू नये म्हणून बोलले, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती समजूत एसटी स्टँडवर पोहोचेपर्यंत सुद्धा टिकली नाही.

एप्रिलमध्ये त्यांच्याकडे पेपर तपासायला आले. कुठल्याशा दुसऱ्या तालुक्यातली मुलं, नावं झाकलेली. या खेपेला बाईंनी प्रत्येक निबंध शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पानंच्या पानं म्हणी, पानंच्या पानं प्राचीन काळ. कुठे तरी एक मास्तर किंवा बाई या मुलांनाही सांगत असणार, वाटी भर. बाईंना अन्न गोड लागेना. नणंदेनं विचारलं, तब्येत बरी नाही का. त्या म्हणाल्या, पेपरांनी डोळे दुखतात.

निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत राही ऐंशीच्या वर, आणि मराठीत अठ्ठावन्न. तेही शाळेच्या हातातले वीस गुण पुरते मिळाले म्हणून.

दुसऱ्याच दिवशी काशीराम शाळेत आला. नेहमी दारात चपला काढून आत येणारा माणूस चपलांसकट शिक्षकखोलीत शिरला.

"बाई, माज्या पोरीला मराठीत अठ्ठावन? अवो, घरात आमचं बोलणं सुदारते ती! तिनं सगळा पेपर लिवलान, तीन पुरवण्या लावलान, मंग गुण गेले खंय?"

राहीनं घरी तीन पुरवण्यांचं सांगितलं होतं. व्याकरणाचं सांगितलं नव्हतं. बाईंना ते एका क्षणात कळलं, आणि आता आपण सांगायचं हेही कळलं. खुर्चीत बसल्या जागी त्यांनी तोंड उघडलं सुद्धा.

"तपासणारानं घोळ घातलान," काशीराम म्हणाला. "न वाचता गुण टाकतात मेले. व्हय की नाय?"

"असं होतं कधी कधी," बाई म्हणाल्या.

चार शब्द. पण त्या चार शब्दांनी बाईंनी स्वतःला सोडवून घेतलं आणि कुणा न पाहिलेल्या, नाव माहीत नसलेल्या माणसाच्या गळ्यात धोंड बांधली. तो बिचारा कुठे तरी गठ्ठ्यावर वाकलेला बसला असेल, कोऱ्या पानाला गुण द्यावेत कसे म्हणून हळहळलाही असेल. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की काशीराम गेल्यावर त्या पुढच्या तासाला गेल्याच नाहीत.

काशीरामनं गुणपडताळणी मागितली. बेरीज बरोबर निघाली. कॉलेजला प्रवेश मिळाला, पण पावसाच्या तोंडावर वसतिगृहाची यादी लागली, त्यात राहीचं नाव नव्हतं, आणि मागून लागलेल्या यादीतही नव्हतं. मग एक दिवस शाळेतून रत्नागिरीला घरी परतताना, हातखंब्याला बस बदलायच्या वेळी बाईंनी राहीला टपरीवर पाहिलं. सरबताच्या बाटल्या पुसत होती. गाड्या सुसाट चालल्या होत्या. काशीराम म्हणाला, "एक वरीस बसंल घरी. मंग बगू." एक वर्ष घरी बसलेल्या मुली पुढे कुठे जातात हे बाईंनी इतक्या वर्षांत पाहिलं होतं. त्या कॉलेजात तर जात नाहीत.

रविवारी दुपारी कुवेतहून नवऱ्याचा फोन आला. सुलेमान तिथे क्रेन चालवायचा. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गो, तू काय जाणूनबुजून केलंस? चांगल्यासाठीच केलंस ना?"

"चांगल्यासाठी केलं म्हणजे चुकलं नाही असं होतं का?"

"तसं नाय. पण रडून काय ती वसतिगृहात जाणार? आपली मागची खोली रिकामी आहे, कॉलेजही जवळ. तिथं ठेव तिला. तुझ्या डोळ्यासमोर राहील, तुझ्या हातचं खाईल."

बाईंना हे का सुचलं नव्हतं कोण जाणे. अपराधी माणूस आपल्या अपराधाकडेच इतका टक लावून बसतो की शेजारची रिकामी खोली त्याला दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्या टपरीवर गेल्या आणि म्हणाल्या, "काशीराम, राहीला माझ्याकडे पाठवा. बारावीपर्यंत."

काशीराम गर्रकन वळून बाटल्या सरळ करू लागला, आणि सरळच असलेल्या बाटल्या त्यानं दोनदा सरळ केल्या.

वाडीत अर्थातच चर्चा झाली. पोर परक्याच्या घरी, त्यात मुसलमानाच्या घरी. सोमवारचं काय, श्रावणाचं काय, चतुर्थीला काय खाणार. काशीरामनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं, बाई हायत तिथं मला काळजी नाय. हे वाक्य बाईंच्या कानावर शाळेच्या शिपायाकडून आलं, आणि एखाद्याला आनंद व्हावा तिथे त्यांना तोंड लपवावंसं वाटलं. माणूस आपल्यासाठी सगळ्या वाडीशी भांडतोय, आणि कोणासाठी भांडतोय हे त्याला माहीतच नाही. त्यांनी ठरवलं, पोरगी राहायला येईल त्याच दिवशी बापलेकीला समोर बसवून सगळं सांगायचं. मग काय व्हायचं ते होवो.

ती दोघं आली गुरुवारी, दुपारच्या बसनं. राहीच्या हातात कपड्यांची पिशवी, काशीरामच्या डोक्यावर उकड्या तांदळाचं गाठोडं. नणंद काशीरामला घर दाखवत मागल्या दारी घेऊन गेली, विहीर कुठे, रिक्षा कुठे मिळते. तोवर बाईंनी राहीला खोली दाखवली. खिडकीशी टेबल, टेबलावर दिवा, भिंतीला नवं कॅलेंडर. राही खाटेच्या कडेवर बसली.

"राही," बाई म्हणाल्या, आणि मग पुढचं एका दमात बोलल्या, "तुझे गुण गेले ते माझ्यामुळे. तपासणाऱ्याची काही चूक नव्हती. मीच तुला लांबड लावायला शिकवलं. मीच निबंध आधी सोडव म्हटलं. सहामाहीला तू जेवढा लिहिला होतास तेवढा लिहिला असतास तर आज तुझ्याच हक्काच्या जागेवर राहिली असतीस. आता तुझे बाबा आले की मी त्यांनाही हे सांगणार आहे."

राहीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"मला ठाऊक आहे, बाई."

"कधीपासून?"

"पेपरातच. माझा निबंध एका पानात झाला होता. मी वाचला. बरोबर झाला होता." ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. "मग तुम्ही म्हणाला होतात ते आठवलं, आणि पुरवणी मागितली. पुढचं काय लिहिलं ते मला आता आठवत पण नाही. नुसतं भरत गेले. घड्याळ समोरच होतं."

बाई खाटेवर तिच्या शेजारी बसल्या. पोरगी फसली असती तर एक वेळ परवडलं असतं. तिला डोळ्यांनी दिसत होतं, आणि तरी ती लिहीत राहिली, कारण सांगणाऱ्या बाई होत्या. यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बाईंना त्या गोड लागल्या असत्या.

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"बाबांना तुमचा राग आला असता."

"येऊ दे की! यायलाच हवा!"

"बाई," राही खाली आवाजात म्हणाली, "बाबांना सांगू नका. वाडीत सगळे नको म्हणतायत. एकटे बाबा तुमच्या नावावर मला घेऊन आलेत. तुम्ही आज सांगितलंत तर ते ह्याच बसनं मला परत नेतील. मग मी टपरीवरच."

इतके दिवस मनात जमवलेलं, घोकलेलं, आज एकदाचं उतरवायचं म्हणून उराशी धरलेलं सगळं, आणि ते उतरवायचीही आता मुभा नव्हती. आपलं मन मोकळं करायचं तर त्याची किंमत पुन्हा याच पोरीनं द्यायची. एकदा दिलीच होती तिनं.

"बरं," बाई म्हणाल्या. "नाही सांगत."

मागल्या दारानं काशीराम आत आला. खोलीत डोकावून त्यानं खिडकी पाहिली, टेबल पाहिलं, दिवा लावून बंद करून पाहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्याला सुचत नव्हतं.

"राही, बाईंच्या पायां पड."

"नको नको," बाई घाईघाईनं उठल्या, "आमच्यात पाया पडून घेत नाहीत, काशीराम. राहू दे."

"असूं दे वो. तुमच्यात नसंल, आमच्यात हाय."

राही वाकली. बाईंना पाय मागे घ्यायला जागाच नव्हती, मागे खाट होती. पोरीची थंडगार बोटं दोन्ही पावलांना लागली, आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.

काशीरामनं दारात चपला घातल्या. बसची वेळ झाली होती. उंबऱ्याबाहेर जाऊन तो थांबला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, तुमचं देव भलं करील. पन ज्या कुनी माज्या पोरीचं नुसकान केलान ना, त्याला देव सोडायचा नाय."

राहीनं झटकन बाईंकडे पाहिलं.

"आमीन," बाई म्हणाल्या.